उंच-सखल : थीम पार्कच्या फाटकापाशी

फ्रेंच भाषेत रोलर कोस्टरला 'रशियन डोंगर' म्हणतात, तर रशियन भाषेत त्याच वस्तूला 'अमेरिकन टेकड्या' असे नाव आहे. अठराव्या शतकात सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात हिवाळ्यात लाकडी सांगाड्यांवर बर्फाच्या उतरणी रचत आणि घसरगाडीत बसून त्यांवरून खाली येत. ही करमणूक फ्रान्समध्ये पोहोचली ती रशियाचे नाव घेऊन. पुढे अमेरिकेत तिला रुळांचे आणि यंत्राचे रूप मिळाले, आणि रशियात परतताना ती अमेरिकन होऊन आली. पैसे देऊन घाबरण्याची ही हौस जणू आपली नव्हेच, अशा थाटात प्रत्येकाने ती दुसऱ्याच्या खात्यावर मांडली. मराठीने तर तिच्यासाठी शब्दच घडवला नाही. आपल्याकडे आकाशपाळणा होता आणि तो जत्रेत होता.

सुट्टीतली थीम पार्कची सहल हा आज मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातला ठरून गेलेला प्रसंग आहे. तिच्याविषयी सांगणारा प्रत्येक जण मनातल्या मनात दोन याद्या करतो. एका यादीत पाळणे, रोषणाई, मिरवणूक आणि मुलांचे चेहरे असतात. दुसरीत ऊन, रांगा, महाग खाणे आणि संध्याकाळची रडारड. या दोन्ही याद्यांना इतिहास आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी तो पाहावा असे आम्हांला वाटते, कारण या स्थळाविषयी गेल्या दोन शतकांत मोठ्या लेखकांनी आणि विचारवंतांनी लिहिले आहे; आणि आमच्या मते त्यांतील बहुतेकांनी एकाच प्रश्नाभोवती फेऱ्या घातल्या आहेत. 'हा आनंद खरा की खोटा?' हा तो प्रश्न. 'हा आनंद कोणाला?' हा दुसरा प्रश्न त्याच्या आड राहिला.

आरंभ कोपनहेगनपासून करू. १५ ऑगस्ट १८४३ रोजी जॉर्ज कार्स्टेनसन याने तेथे टिवोली हे उद्यान सुरू केले. लोक करमणुकीत रमले की राजकारणाचा विचार करीत नाहीत, असे सांगून त्याने राजा आठवा ख्रिश्चन याची परवानगी मिळवली अशी कथा आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, ती टिकून राहिली यावरूनच या स्थळांकडे लोक कोणत्या संशयाने पाहत आले ते कळते. टिवोलीत दिवे होते, संगीत होते, आणि पौर्वात्य धाटणीची सजावट होती. त्याच वर्षीच्या ११ ऑक्टोबरला हान्स ख्रिश्चन अँडरसन टिवोलीत गेला आणि त्या दिवशीच्या दैनंदिनीत त्याने आपण चिनी परीकथा लिहायला घेतल्याची नोंद केली. दुसऱ्या दिवशी ती पूर्ण झाली. ही कथा म्हणजे 'नाइटिंगेल'.

तिचे कथानक वाचकांना परिचित असेल. चीनच्या सम्राटाच्या बागेत गाणारा एक साधा करडा पक्षी असतो. पुढे दरबारात रत्नजडित यांत्रिक पक्षी येतो आणि खऱ्या पक्ष्याची किंमत उरत नाही. यंत्र बिघडते. सम्राट मरणशय्येवर असताना खरा पक्षी परत येतो आणि त्याच्या गाण्याने मृत्यू मागे सरतो. एका मनोरंजन उद्यानातून परतलेल्या लेखकाने खऱ्या आणि कृत्रिम गाण्याची कथा लिहावी, हा योगायोग टीकाकारांना मोहविणारा आहे. परंतु या कथेतील आणखी एक धागा सहसा कोणी उचलत नाही. नाइटिंगेल कोठे गातो हे सबंध दरबारात कोणालाही ठाऊक नसते. ते ठाऊक असते स्वयंपाकघरातील एका गरीब मुलीला. तिच्यामागून निघालेले मानकरी वाटेत गाईच्या हंबरण्याला आणि बेडकांच्या डराव डराव आवाजाला पक्ष्याचे गाणे समजून माना डोलावतात. यांत्रिक पक्ष्याच्या सुरांत काहीतरी उणे आहे हे जाणवते तेही एका कोळ्याला. अँडरसनने खरे-खोटे हा प्रश्न विचारला खरा. पण ऐकणारा कोण आणि कोठे उभा आहे, हेही त्याने त्याच कथेत विचारून ठेवले होते.

आता अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला जाऊ. १८८४ मध्ये तेथे लामार्कस थॉम्पसन याने रुळांवरून वर-खाली जाणारी गाडी सुरू केली. तिचे भाडे होते ५ सेंट आणि वेग ताशी सुमारे ६ मैल, म्हणजे आजच्या मानाने रमतगमत. लोक जिना चढून मचाणावर जात, गाडीत बसत, घसरत दुसऱ्या मचाणापर्यंत पोहोचत, आणि गाडी फिरवली की परत येत. समुद्रकिनाऱ्यावरची ही गर्दी अजून मोकळी होती. दारूचे गुत्ते, जुगार, खेळ, स्नान, सारे एकमेकांत मिसळलेले. १८९५ मध्ये सी लायन पार्क या उद्यानाने भोवती कुंपण घातले आणि आत येण्यासाठी पैसे घ्यायला सुरुवात केली. १८९७ मध्ये जॉर्ज टिल्यू याचे स्टीपलचेस पार्क त्याच मार्गाने गेले. १९०३ मध्ये सी लायनच्या जागी अडीच लाख दिव्यांचा लूना पार्क उभा राहिला आणि १९०४ मध्ये ड्रीमलँड.

आम्ही या कुंपणाला या इतिहासातला निर्णायक क्षण मानतो. आपल्या जत्रेशी ताडून पाहिले म्हणजे त्याचा अर्थ कळतो. जत्रेला फाटक नसते. खिशात पैसे नसलेला मुलगाही पाळण्याखाली उभा राहून तो बघू शकतो, शेव-रेवडीच्या वासातून हिंडू शकतो. पैसे पडतात ते पाळण्यात बसण्याचे; जत्रेत असण्याचे नव्हे. जत्रेतही मानपान आणि शिवाशीव होती, हे आम्ही विसरत नाही. पण तिच्या रचनेत भिंत नव्हती. थीम पार्कचा जन्म भिंतीतून झाला. गर्दी निवडता येईल, 'सभ्य' कुटुंबे निर्धास्तपणे येतील, हे त्या भिंतीचे समर्थन होते. आणि आत असण्यालाच मोल पडले, हा तिचा परिणाम.

१९०६ मध्ये मॅक्झिम गॉर्की अमेरिकेत आला. रशियातील क्रांतीसाठी पैसा उभा करणे हा त्याचा हेतू होता. सोबतची स्त्री त्याची कायदेशीर पत्नी नाही हे उघड होताच न्यूयॉर्कच्या हॉटेलांनी त्याला बाहेर काढले होते. कोनी आयलंडवरचा त्याचा निबंध १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे नाव 'कंटाळा'. रात्री दुरून दिसणारे दिव्यांचे नगर पाहून तो आधी चकित होतो. जवळ जाताच त्याला दिसतो तो कागदाच्या लगद्याचा, लाल रंगवलेला नरक, आणि मख्ख चेहऱ्यांनी फिरणारी माणसे. श्रमाने पिळलेल्या जनतेला येथे कंटाळाच विकला जातो, असा त्याचा निष्कर्ष. या निबंधातील संताप खरा आहे. तरीही त्यातील गर्दीला एकच चेहरा आहे. आठवडाभर कारखान्यात राबून आलेल्या मुलीला त्या दिव्यांत काय दिसत असेल, हे गॉर्की विचारीत नाही; आणि श्रमिकांच्या जीवनाचा एवढा मोठा जाणकार ते विचारीत नाही, म्हणून ते अधिक खटकते.

त्याच कोनी आयलंडवर, त्याच कागदी नरकांच्या शेजारी, मार्टिन कूनी याचे एक प्रदर्शन होते. काचेच्या उबवण्या आणि त्यांत अपुऱ्या दिवसांची जिवंत बालके. तिकीट २५ सेंट. ऐकताना अंगावर शहारा येतो. परंतु त्या काळी बहुसंख्य रुग्णालयांत अशा बालकांसाठी सोयच नव्हती. कूनी पालकांकडून पैसे घेत नसे. प्रेक्षकांच्या तिकिटांतून परिचारिकांचा आणि दुधाचा खर्च निघे. १९०३ पासून १९४३ पर्यंत हे प्रदर्शन चालले आणि हजारो बालके वाचली. २७ मे १९११ च्या पहाटे ड्रीमलँडला आग लागली. ती 'हेल गेट', म्हणजे नरकद्वार, नावाच्या खेळात सुरू झाली आणि तिने सारे उद्यान भस्म केले. उबवण्यांतील बालकांना मात्र सुखरूप बाहेर काढण्यात आले. खोटा नरक खरा पेटला आणि तमाशातली बालके जगली. एवढ्या एका घटनेपुढे 'खरे की खोटे' ही मोजपट्टी तोकडी पडते.

वॉल्ट डिस्नीच्या उद्यानाची सुरुवातही कंटाळ्यातूनच झाली. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मुली मेरी-गो-राउंडवर बसत आणि हा बाप बाकावर बसून राही. मुलांना आणि मोठ्यांना एकत्र रमता येईल अशी जागा का नसावी, असे त्याला वाटले. हे तो स्वतःच सांगत असे. त्याने टिवोली पाहिले होते आणि तेथील स्वच्छता त्याला भावली होती. ॲनाहाइम येथील १६० एकरांच्या संत्रीबागांच्या जागेवर वर्षभरात, १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून, डिस्नीलँड उभे राहिले. त्याला एकच प्रवेशद्वार होते, आणि आतून बाहेरचे जग दिसू नये म्हणून भोवती मातीचा उंच बांध होता. कोनी आयलंडचे कुंपण येथे नजरेचे कुंपण झाले.

१७ जुलै १९५५ हा उद्घाटनाचा दिवस निमंत्रितांसाठी होता. बनावट तिकिटांमुळे गर्दी अंदाजाच्या कितीतरी पुढे गेली. उकाडा एवढा की नुकतेच अंथरलेले डांबर मऊ पडले आणि त्यात स्त्रियांच्या उंच टाचा रुतल्या. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ की स्वच्छतागृहे यांतून निवड करावी लागली होती, आणि डिस्नीने स्वच्छतागृहे निवडली. खाद्यपदार्थ संपले, खेळ बंद पडले. त्याच वेळी दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण चालू होते. निवेदकांत पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन होते, आणि कोट्यवधी घरांत हे सोहळ्याचे चित्र पोहोचत होते. पडद्यावर उत्सव आणि प्रत्यक्षात तहान, ही थीम पार्कच्या सहलीची दुहेरी नोंद पहिल्याच दिवशी तयार झाली. तरीही दोन महिन्यांच्या आत दहा लाख माणसे येऊन गेली. कडू अनुभवाची वार्ता पसरूनही लोक आले, हे ध्यानात घ्यायला हवे.

टीकाकारही आले. १९५८ मध्ये 'द नेशन' या साप्ताहिकात डिस्नीलँड आणि लास वेगस यांना एका माळेत ओवणारा लेख आला, तेव्हा रे ब्रॅडबरीने पत्र लिहून त्याला हरकत घेतली. आपण आपल्या बुद्धिवादी मित्रांच्या नादाने तेथे जायचे टाळत होतो, आणि अखेर अभिनेता चार्ल्स लॉटनच्या सोबतीने गेलो तेव्हा मनापासून रमलो, असे त्याने सांगितले. लुई मारँ याने १९७३ मध्ये डिस्नीलँडला अधःपतित युटोपिया ठरवले. उंबेर्तो एको याने १९७५ च्या निबंधात मार्मिक निरीक्षण नोंदवले : खऱ्या मिसिसिपी नदीवर मगर दिसेलच याची शाश्वती नसते, डिस्नीलँडमध्ये यांत्रिक मगर वेळेवर येते, आणि मग माणसाला नदीवर असताना डिस्नीलँडची आठवण येऊ लागते. अँडरसनच्या सम्राटाला यांत्रिक पक्षी का आवडला, त्याचे याहून नेमके स्पष्टीकरण आम्हांला माहीत नाही. झाँ बोद्रियारने १९८१ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. बाहेरची अमेरिका खरी आहे असे भासावे यासाठी डिस्नीलँड काल्पनिक म्हणून उभे केले आहे, असे त्याचे म्हणणे.

ही मांडणी आपल्या वर्गांतून आता पाठ होण्याइतकी रुळली आहे, आणि तिचे ऋण आम्ही नाकारीत नाही. पण या सर्वांना फाटकातून आत जाण्याची मुभा होती. आत जाऊन 'हे खोटे आहे' म्हणण्याचे स्वातंत्र्य त्यांच्याकडे होते. ज्यांना आतच घेतले जात नव्हते, त्यांचे वाचन वेगळे होते.

३० जून १९६० रोजी वॉशिंग्टनजवळच्या ग्लेन एको पार्कमध्ये हॉवर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी मेरी-गो-राउंडवर जाऊन बसले. हे उद्यान केवळ गोऱ्यांसाठी होते. पहारेकऱ्याने एका विद्यार्थ्याला त्याचा वंश विचारला. पाच जणांना अटक झाली. आसपासचे गोरे रहिवासीही आंदोलनात उतरले, आणि १९६१ च्या हंगामात उद्यान सर्वांना खुले झाले. बाल्टिमोरच्या ग्विन ओक पार्कसाठी १९६३ च्या जुलैत शेकडो लोकांनी अटक करवून घेतली. त्यांत अनेक धर्मगुरू होते. वंशाच्या नावाने माणसे मारली जात असताना पाळण्याच्या घोड्यासाठी तुरुंगात का जावे, असे कोणी विचारील. उत्तर त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लिहिले गेले होते.

मार्टिन ल्यूथर किंग यांचे 'बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र' अनेक अभ्यासक्रमांत आहे. धीर धरा असे सांगणाऱ्या धर्मगुरूंना उत्तर देताना किंग त्यात एक अतिदीर्घ वाक्य लिहितात. 'जेव्हा' अशी एकामागून एक उपवाक्ये येतात : जमावाने केलेल्या हत्या, पोलिसांची मारहाण, दारिद्र्य. आणि त्यांच्या मधोमध, त्याच वजनाने, एक बाप उभा राहतो. टीव्हीवर जाहिरात झालेल्या 'फनटाउन' या उद्यानात आपल्याला का जाता येत नाही, हे सहा वर्षांच्या मुलीला सांगताना त्याची जीभ अडखळते आहे. मुलीच्या डोळ्यांत पाणी येते. अटलांटातले ते उद्यान काळ्या मुलांना बंद होते. हत्येच्या शेजारी पाळणा ठेवण्याचे धैर्य या वाक्यात आहे, आणि ते वाक्य तोल घालवत नाही. कारण लहान मुलाला आपली जागा कळते ती अशाच ठिकाणी : जेथे सारे हसत आहेत असे दिसते आणि आपल्यासाठी फाटक उघडत नाही. थीम पार्कविषयी विसाव्या शतकात लिहिले गेलेले सर्वांत मर्मग्राही वाचन आम्हांला या एका उपवाक्यात दिसते. येथे आनंद कृत्रिम आहे का हा प्रश्न उद्भवतच नाही; नकार मात्र पूर्णपणे खरा आहे.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी, किंग वॉशिंग्टनला आपले प्रसिद्ध भाषण करीत होते त्याच दिवशी, ग्विन ओक पार्क सर्वांसाठी उघडले, आणि अकरा महिन्यांची एक काळी मुलगी तेथील मेरी-गो-राउंडवर बसली. आत शिरण्याच्या या साऱ्या धडपडीपुढे सप्टेंबर १९५९ चा ख्रुश्चेव्हचा प्रसंग हास्यास्पद वाटतो. सुरक्षेच्या कारणावरून डिस्नीलँडला जायला मनाई झाल्यावर सोव्हिएत संघाच्या या सर्वेसर्वाने भर मेजवानीत रागाने विचारले, की तिथे कॉलरा पसरला आहे की रॉकेटचे तळ आहेत? तरीही नकाराची चीड दोन्हीकडे एकाच जातीची आहे.

कायद्याने फाटके उघडली तरी फाटक ही कल्पना सरली नाही; ती आत सरकली. डिस्नीलँडमध्ये आधी प्रत्येक खेळाला वेगळे तिकीट होते. सर्वांत थरारक खेळ 'ई' वर्गाच्या तिकिटावर असत. १९८३ मध्ये अंतराळात गेलेल्या सॅली राइड यांनी आपल्या उड्डाणाची तुलना त्या तिकिटाशी केली होती. १९८२ मध्ये हे तिकीटपुस्तक बंद झाले आणि सर्व खेळांना मिळून एकच दर आला. आत आलेल्या साऱ्यांना मग रांगेने समान केले. श्रीमंत-गरीब त्याच नागमोडी कठड्यांमध्ये तेवढाच वेळ उभे. १९९९ मध्ये रांग चुकविण्याची पास-व्यवस्था आली, ती विनामूल्य होती. २०२१ पासून तिच्या जागी पैसे मोजून पुढे जाण्याची सोय आली. सहलीच्या 'सखल' यादीत पहिली येणारी रांग ही त्या उद्यानातील शेवटची समान गोष्ट होती, हे आपण उशिरा ओळखले.

आपल्याकडचा इतिहास छोटा आहे. दिल्लीचे अप्पू घर १९८४ मध्ये सुरू झाले आणि २००८ मध्ये बंद पडले. १९८९ मध्ये मुंबईच्या गोराईला एस्सेलवर्ल्ड आले, कोलकात्याला १९९१ मध्ये निक्को पार्क, आणि खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका. एस्सेलवर्ल्डच्या जाहिरातीतला, घरी परत जायला साफ नकार देणारा मुलगा एका पिढीच्या कानांत बसला आहे. पण त्याच पिढीत शाळेच्या सहलीची वर्गणी घरून न मिळालेली मुलेही होती. सहलीच्या दुसऱ्या दिवशी वर्गात 'माझी सहल' हा निबंध लिहायला सांगितला जाई, तेव्हा त्यांनी काय लिहिले असेल? न गेलेल्या मुलांनी त्या विषयावर कल्पनेने लिहिलेले निबंध कोणी जपले असते, तर बोद्रियारच्या सिद्धांताला जोड म्हणून आम्ही ते वर्गात वाचून दाखवले असते.

तेव्हा थीम पार्कवर लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आमची सूचना एवढीच, की प्लास्टिकच्या मगरीपाशी थांबू नये. फाटकापाशी जावे, दरपत्रक वाचावे, रांगेत कोण आहे आणि कोण नाही ते मोजावे. ग्विन ओकचा तो मेरी-गो-राउंड १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर, किंग यांनी जेथे भाषण केले त्याच मैदानाच्या काठी आणण्यात आला. त्याचे घोडे लाकडी आहेत आणि ते कोठेही पोहोचत नाहीत. त्यांच्या पाठीवर बसायला मिळावे म्हणून माणसे तुरुंगात गेली होती, एवढे ध्यानात ठेवले तर त्या लाकडाला खोटे म्हणण्याची घाई आपल्याला होणार नाही.